एडीएचडी आणि गंगापूर रोडची अभ्यासिका

नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोड, अशोक स्तंभ या पट्ट्यात थोडे आत शिरले की एखादी तरी सशुल्क अभ्यासिका हमखास सापडते. त्यांचे गिऱ्हाईक ठरलेले असते: राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती, बँका, सीए यांच्या परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली. चाळिशीकडे झुकलेल्या आणि स्वतःचा कर सल्ल्याचा व्यवसाय असलेल्या बाईने महिन्याचे पैसे भरून तिथे बसावे, हे चालकांच्या हिशेबात कधीच नसते. मी मात्र गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीतील अशा अभ्यासिकेत सध्या नियमाने बसते, आणि मला प्रौढ वयात एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड करणाऱ्या विकाराचे, निदान झालेले असल्यामुळे या जागेकडे विद्यार्थ्यांपेक्षा निराळ्या गरजेने पाहते. हे परीक्षण त्या गरजेच्या अंगाने लिहिले आहे. काही तक्रारीही असल्याने अभ्यासिकेचे नाव देत नाही. शिवाय या भागातील बहुतेक अभ्यासिका एकाच साच्यातल्या आहेत, त्यामुळे पुढचे बरेचसे त्यांनाही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

माझे मत आधीच सांगते. कामाला हात घालणे हीच ज्या प्रौढाची मुख्य अडचण आहे, त्याला महिन्याला नऊशे रुपयांत याहून उपयोगी जागा नाशकात सहसा मिळणार नाही. ज्याचे काम दिवसभर फोनवर चालते, त्याने इकडे फिरकू नये. आणि अभ्यासिका लावली की डॉक्टरांकडे जायची गरज उरत नाही असा ज्याचा समज आहे, त्याला ही जागा काही आठवड्यांतच तोंडघशी पाडेल.

प्रौढांचा एडीएचडी हा अजूनही चेष्टेचा विषय होतो, म्हणून थोडे मूळ सांगणे भाग आहे. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या निदानसंहितेनुसार, सतरा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीत अवधानाच्या किंवा अतिचंचलतेच्या गटातील किमान पाच लक्षणे असावी लागतात (लहान मुलांसाठी ही संख्या सहा आहे), त्यांतील काही बारा वर्षांच्या आधीपासून दिसत असावी लागतात आणि घर, शाळा, नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी ती आड यावी लागतात. म्हणजे मोबाईलपायी अलीकडे उडू लागलेले लक्ष हा काही एडीएचडी नव्हे. मुलींमध्ये वर्गातल्या दंग्यापेक्षा हरवलेपण अधिक दिसत असल्याने त्या ‘हुशार आहे, पण वेंधळी आहे’ एवढ्या शेऱ्यावर सुटून जातात. हा विकार मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, त्यामुळे बऱ्याच बायकांना स्वतःविषयी पहिली शंका येते ती पोटच्या मुलाचे निदान ऐकताना.

या विकारात काय करायचे हे माणसाला पक्के ठाऊक असते. रसेल बार्कले हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे मांडत आले आहेत की अडचण ज्ञानाची नाही, ते ज्ञान वेळेवर कृतीत आणण्याची आहे, आणि म्हणून मदतही जिथे व ज्या क्षणी काम करायचे तिथेच हजर असावी लागते. माझ्या व्यवसायात याचा अर्थ फार रोखठोक निघतो. मासिक विवरणे भरणाऱ्या व्यापाऱ्यांचे जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरण) महिन्याच्या ११ तारखेला, ३बी (कर भरण्याचे विवरण) २० तारखेला. तिमाही पद्धतीत महाराष्ट्रासाठी तिमाही संपल्यावरच्या महिन्यातील १३ आणि २२. उशीर झाला तर प्रत्येक विवरणामागे दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, शून्य विवरण (व्यवहारच नसलेले) असेल तर २० रुपये, आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज निराळे. हे सगळे मी ग्राहकांना झोपेतही समजावून देऊ शकते. पण २ तारखेला सकाळी, अंबडच्या एखाद्या कारखान्याची विक्रीची बिले जुळवायला घेण्यासाठी लागणारा जोर ही माहिती देत नाही. तो जोर साधारण ९ तारखेला रात्री आपोआप येतो, आणि त्याची किंमत झोप, पित्त आणि घरातली चिडचिड अशी सर्वांनी मिळून मोजावी लागते.

अभ्यासिका हा जोर २ तारखेलाच बाहेरून पुरवते. कसा, ते तपशिलाने सांगण्यासारखे आहे.

अभ्यासिका पहिल्या मजल्यावर आहे आणि सकाळी सहा ते रात्री अकरा उघडी असते. जिना चढल्यावर चपलांची मांडणी, तिच्या शेजारी एक लाकडी टेबल आणि त्यावर हजेरीची जाड वही. देखरेखीला असलेले काका बँकेतून निवृत्त झालेले असावेत असे त्यांच्या अक्षरावरून वाटते. वहीत नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि सही असे रकाने आहेत. बरोबर आठ वाजता काका पट्टी घेऊन शेवटच्या नावाखाली लाल रेघ मारतात. आठनंतर येणाऱ्याची सही रेघेखाली होते. दंड नाही, कोणी काही बोलत नाही, पुढे या वहीचे काहीही होत नाही. तरीही कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलला थांबलेली असताना मी घड्याळाकडे पाहते ते त्या रेघेसाठी. मोबाईलमधल्या गजराने हे कधी साधले नाही, कारण गजर मीच लावलेला असतो आणि त्याच्याशी तडजोडही मीच करते. रेघ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असते, हेच तिचे बळ आहे.

वहीनंतर भिंतीवर टांगलेले कापडी कप्पे. प्रत्येक कप्प्यावर क्रमांक शिवलेला आहे आणि आत जाण्यापूर्वी फोन बंद करून तिथे ठेवायचा असतो. पहिल्या आठवड्यात मी फोन हातातच घेऊन निघाले की काका वहीतून डोके वर न काढता म्हणत, “ताई, कप्पा.” एवढेच. एडीएचडी असलेल्या माणसाला इच्छाशक्ती वाढवण्याचे सल्ले उदंड मिळतात, पण मोह समोरून उचलून नेणारे फार थोडे भेटतात. फोन उलटा ठेवणे, सूचना बंद करणे, कामाच्या वेळी ॲप अडवून ठेवणारे दुसरे ॲप घेणे, हे सगळे उपाय शेवटी त्याच हाताच्या अंतरावर असतात. भिंतीवरच्या कप्प्यापर्यंत जायचे तर खुर्ची सरकवावी लागते, वीसेक मुलांच्या पाठीमागून चालत जावे लागते आणि काकांच्या समोर उभे राहावे लागते. तेवढ्या वेळात फोन पाहण्याची ऊर्मी विरून जाते.

आत तिन्ही बाजूंनी प्लायवूडच्या आडोशांची टेबले आहेत. प्रत्येकाला एक दिवा, एक प्लग आणि जेमतेम लॅपटॉप, एक फाइल व पाण्याची बाटली मावेल एवढी जागा. ही अपुरी जागा माझ्या दृष्टीने गुणच आहे. घरच्या टेबलावर चार ग्राहकांच्या फायली एकदम पसरतात आणि चारही अर्धवट राहतात. समोरच्या भिंतीवर मोठे गोल घड्याळ आहे. वेळ किती गेला याचा अंदाज न येणे ही या विकारातली नेहमीची अडचण; लॅपटॉपच्या कोपऱ्यातले आकडे ती सोडवत नाहीत, कारण ते पाहण्याचे भान राहावे लागते. तोंडासमोरचा फिरता काटा न पाहता दिसतो.

सर्वांत मोठी सेवा मात्र दरपत्रकात नाही. ती म्हणजे आजूबाजूला गुपचूप काम करणारी माणसे. एडीएचडी असलेल्यांमध्ये हा उपाय जगभर वापरला जातो: दुसऱ्या माणसाने मदत करायची नसते, आपले काम काय हेही त्याला ठाऊक असण्याची गरज नसते, त्याने फक्त शेजारी बसून स्वतःचे काम करायचे. यावर रीतसर संशोधन फारसे झालेले नाही, तेव्हा त्याला उपचार म्हणणे योग्य होणार नाही. परंतु आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आई मुलाला अभ्यासाला बसवून त्याच्या शेजारी तांदूळ निवडत बसायची, तेव्हा तिला हे कळत होते. अभ्यासिकेत ती आई एकदम तीस-चाळीस रूपांत बसलेली असते आणि तांदळाऐवजी इंडियन पॉलिटी निवडत असते. शेजारच्या टेबलावरची एक मुलगी सुरुवातीच्या दिवसांत पाणी भरताना भेटली, तेव्हा तिने आदराने विचारले होते, “मॅडम, तुम्ही कशाची तयारी करता?” मी सांगितले, “अकरा तारखेची.” ती हसली नाही, बहुधा कुठल्या तरी विभागाच्या परीक्षेची तारीख आपल्याकडून निसटली असे तिला वाटले असावे.

दर दोन प्रकारचे आहेत. ठरलेली राखीव जागा हवी असेल तर महिन्याला चौदाशे रुपये, आणि येईल त्याने रिकामी दिसेल तिथे बसावे या पद्धतीत नऊशे. अनामत पाचशे. चौकशीला गेल्यावर राखीव जागाच गळ्यात मारण्याचा प्रयत्न होतो आणि विद्यार्थ्यासाठी ती सोयीचीही आहे, कारण त्याला पुस्तकांचा गठ्ठा रोज वाहावा लागत नाही. एडीएचडी असलेल्याने मात्र नऊशेचीच घ्यावी, असा माझा ठाम सल्ला आहे, आणि त्याला काटकसरीचे कारण नाही. राखीव खुर्ची आपली वाट पाहत असते. ती नऊलाही आपलीच असते आणि अकरालाही. अराखीव पद्धतीत चांगल्या जागा सव्वाआठपर्यंत भरून जातात, त्यामुळे घरातून निघण्याला खरीखुरी निकड येते. शिवाय या मेंदूला नव्याची हौस दांडगी असते आणि जुन्याचा कंटाळा त्याहून दांडगा. कोणतीही नवी व्यवस्था पहिले तीन-चार आठवडे चालतेच. डायरी चालते, ॲप चालते, पहाटे उठणेही चालते. महिन्याभराने टेबल बदलता आले, भिंतीऐवजी खिडकीकडचा कोपरा घेता आला, तर तीच अभ्यासिका आणखी काही काळ टिकते. दाराजवळच्या आणि वॉटर कूलरसमोरच्या टेबलांपासून मात्र दूर राहावे. प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मान वळते, आणि वळलेली मान लगेच परत येत नाही.

आता तक्रारींकडे येते.

पहिली शांततेची. ही शांतता गाढ आहे, पण ती हालचालीलाही मनाई करते. खुर्च्या लोखंडी आणि बिनहाताच्या, फरशीवर सरकवल्या की अख्ख्या खोलीला कळते. पाय हलवत बसण्याची सवय असलेल्या माणसाला इथे चोरट्यासारखे वाटू लागते. पेनाचे बटण टकटक केल्याबद्दल मला समोरून चिठ्ठी आली होती, आणि ती अगदी रास्त होती. पण लक्ष टिकवण्यासाठी हातापायांना काही तरी चाळा लागणे हा या विकाराचाच भाग आहे, आणि त्याची सोय इथे शून्य आहे. उभे राहून काम करता येईल असे एखादे उंच टेबल गॅलरीत ठेवायला जागाही आहे. ही सूचना मी दिली, त्यावर “सरांना विचारतो” असे उत्तर मिळाले, आणि सर कधी भेटत नाहीत.

दुसरी तक्रार गैरहजेरीच्या नियमाची. सलग तीन दिवस आला नाहीत, तर कप्प्याचा क्रमांक जातो आणि पुन्हा नोंद करावी लागते. चालकांची बाजू समजते, कारण भरतीची जाहिरात निघाली की बाहेर प्रतीक्षायादी लागते. पण अनियमितपणा हेच ज्याचे दुखणे, त्याला खंड पडल्यावर परत येणे सोपे असायला हवे. इथे तो काउंटरवर कारण सांगण्याच्या कल्पनेनेच चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशीही येत नाही, आणि महिन्याचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळत नाहीत. वापराविना चालू राहिलेल्या वर्गण्यांवर आमचा किती पैसा जातो, हे माझ्यासारख्या जमाखर्च पाहणाऱ्या बाईने सांगायला नको.

तिसरी माझ्या व्यवसायाची आहे, अभ्यासिकेची म्हणता येणार नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर विवरण दाखल करताना ओटीपी लागतो, तो ग्राहकाच्या मोबाईलवर जातो आणि ग्राहकाला फोन केल्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे बिले जुळवणे, नोंदी तपासणे, मसुदा तयार करणे हे इथे, आणि प्रत्यक्ष दाखल करणे दुपारी घरून, अशी कामाची फाळणी करावी लागली. ती पुढे फायद्याचीच ठरली, कारण पहिला भाग डोके लावण्याचा आहे आणि दुसरा नुसता पाठपुराव्याचा. पण ज्यांचे काम असे दोन तुकड्यांत पडत नाही, त्या विमा प्रतिनिधींनी किंवा सातपूरच्या पुरवठादारांनी अभ्यासिकेऐवजी भाड्याच्या सामायिक कार्यालयाचा विचार करावा. तिथे बोलता येते, खर्च मात्र बराच चढतो.

पर्याय म्हणून कॉलेज रोडवरची कॉफीची दुकाने मी बाद केली आहेत. एका कपावर तासन्‌तास बसण्याचा संकोच वाटतो आणि शेजारच्या टेबलावरचा साखरपुडा मोडला की जुळला हे ऐकल्याशिवाय माझ्याच्याने काम होत नाही. ग्रंथालयाच्या बाबतीत नाशिक भाग्यवान आहे, आपले सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. परंतु ग्रंथालयात माझी अडचण अशी की तिथे पुस्तके असतात. घरातून बाहेर पडणेच शक्य नसलेल्यांसाठी फोकसमेटसारखी ऑनलाइन सेवा आहे. तीत २५, ५० किंवा ७५ मिनिटांसाठी अनोळखी माणसाबरोबर कॅमेरा चालू ठेवून आपापले काम करायचे असते, आणि आठवड्याला तीन बैठका विनामूल्य मिळतात. ती उपयोगी आहे, पण तीत फोन कप्प्यात जात नाही.

औषधोपचाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण अभ्यासिकेचा उपयोग त्याच्याशी जोडलेला आहे. प्रौढांमध्येही मिथाइलफेनिडेट वापरले जाते. ते औषधांच्या नियमांतील अनुसूची एक्समध्ये येत असल्याने डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते, आणि सगळीच दुकाने ते ठेवत नाहीत. त्याच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास राहतो. ॲटोमॉक्सेटीन हे उत्तेजक गटाबाहेरचे औषध असून त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. कोणते औषध, किती आणि मुळात हवे की नको, हे मनोविकारतज्ज्ञच ठरवतील. माझा मुद्दा एवढाच की गोळी लक्ष देण्याची क्षमता सुधारते, ते लक्ष कशावर जाईल हे ठरवत नाही. नाश्त्याबरोबर गोळी घेऊन घरीच थांबले, तर ते चार तास मसाल्याच्या डब्यांना लेबले लावण्यातही एकाग्रतेने जाऊ शकतात. ती वेळ अभ्यासिकेच्या वेळेशी जुळवून घेतली, की दोन्हींचे पैसे वसूल होतात. निदानाचीच सुरुवात कुठून करावी असा प्रश्न असलेल्यांनी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतून बोलावे. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे आणि चोवीस तास मिळते.

अभ्यासिकेत जाताना आदल्या रात्रीच एका चिठ्ठीवर दुसऱ्या दिवशीचे पहिले काम लिहून न्यावे, आणि तेही ‘खरेदी जुळवणे’ असे मोघम न लिहिता, ‘जुलैची खरेदी नोंदवही उघडून पहिली दहा बिले २बीशी (पुरवठादारांच्या विवरणांवरून जीएसटी संकेतस्थळावर तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीशी) ताडून पाहणे’ इतके बारीक लिहावे. टेबलावर बसून काय करायचे ते ठरवायला घेतले, तर पहिला अर्धा तास ठरवण्यातच जातो. डबा सोबत न्यावा. खाली वडापावसाठी उतरले की परत वर येईपर्यंत दुपार होते. सिटीलिंकच्या बसने आले तर गाडी लावायला जागा शोधण्याची कटकट वाचते.

पैसे भरण्यापूर्वी एक दिवस विनामूल्य बसून पाहता येते, मात्र तसे विचारावे लागते, पाटीवर लिहिलेले नाही. हा दिवस निवडताना मुदतीच्या तोंडावरचा, म्हणजे १० किंवा १९ तारखेचा घेऊ नये. मुदत डोक्यावर आली की एडीएचडी असलेला माणूस एसटी स्टँडवर बसूनही काम करतो, त्यात जागेचे श्रेय काहीच नसते. महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास, कोणाचाही फोन येत नाही आणि काहीच जळत नाही अशा दिवशी जावे, आणि त्या दिवशी बाराच्या आत चिठ्ठीवरचे पहिले काम हातावेगळे झाले, तरच नऊशे रुपये भरावेत.